आर्टेमिस चंद्राची देवी कधी झाली?

चंद्रावर पुन्हा माणूस पाठवण्याच्या नासाच्या कार्यक्रमाची बातमी आली की तिच्या पोटात एक चौकट हमखास असते: आर्टेमिस ही ग्रीक पुराणातली शिकारीची आणि चंद्राची देवी, अपोलोची जुळी बहीण. कार्यक्रमाचं हे नाव २०१९ मध्ये जाहीर झालं. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्टेमिस-१ हे माणसांविना गेलेलं यान चंद्राकडे झेपावलं आणि २१ जून २०२३ रोजी भारतानं आर्टेमिस करारावर सही केली. तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही रुळलं आहे. चौकटीतली शिकार खरी, बहीणही खरी. चंद्राचं मात्र थोडं खोलात जाऊन बघायला हवं. ज्या ग्रीकांनी हिची देवळं बांधली, हिला नवस बोलले आणि लेकींना हिच्या अंगणात नाचायला धाडलं, त्यांतल्या बहुतेकांना कित्येक शतकं ही चंद्राची देवी म्हणून माहीतच नव्हती.

नावामागची कथा मजेशीर आहे. १९६० मध्ये नासाचे अधिकारी एब सिल्व्हरस्टाईन यांनी चांद्रमोहिमेला ‘अपोलो’ हे नाव सुचवलं. सूर्यापुढून रथ हाकणारा देव ही प्रतिमा त्यांना मोहिमेच्या भव्यतेला साजेशी वाटली. पुढचा कार्यक्रम आला तेव्हा भावाच्या जागी बहिणीचं नाव आलं. पण जुन्या ग्रीक कवितांत सूर्याचा रथ अपोलो हाकत नाही. तो हेलिऑसचा रथ आहे. म्हणजे भाऊ आणि बहीण दोघांकडेही ही खाती मागाहून आली. भरीस भर म्हणून अंतराळवीर ज्या कुपीत बसतात तिचं नाव ओरायन. ओरायन हा शिकारी अनेक कथांमध्ये आर्टेमिसच्याच बाणानं किंवा तिनं धाडलेल्या विंचवानं मरतो. कुपीचं नाव कार्यक्रमाच्या नावाआधीच ठरलेलं होतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही.

मग ग्रीकांचा चंद्र कोण होता?

सेलीनी. इ.स.पू. ७०० च्या आसपास हेसिअड या कवीनं देवांची वंशावळ रचली. तीत हायपेरिऑन आणि थिया या जोडप्याची तीन मुलं सांगितली आहेत: सूर्य म्हणजे हेलिऑस, चंद्र म्हणजे सेलीनी आणि उषा म्हणजे इऑस. आपल्याकडे चंद्र पुरुष, त्यांच्याकडे बाई. ही सेलीनी समुद्रात न्हाऊन, झळाळते कपडे घालून रथात बसते आणि आकाशात निघते. एन्डिमिऑन नावाच्या देखण्या तरुणावर तिचं प्रेम आहे. तो कायमचा झोपलेला आणि ही रोज रात्री त्याला पाहायला येते.

त्याच हेसिअडच्या वंशावळीत आर्टेमिस वेगळ्या घरात जन्मते. बाप झ्यूस, आई लेटो, भाऊ अपोलो. चंद्राचा कुठे उल्लेखही नाही.

कवींचं राहू द्या, दगडाची साक्ष काढू. अथेन्सचं पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. त्याच्या पूर्वेकडच्या माथ्यावरच्या त्रिकोणात एका टोकाला हेलिऑसचे घोडे समुद्रातून वर येत आहेत आणि दुसऱ्या टोकाला सेलीनीचे दमलेले घोडे खाली बुडत आहेत. त्यांतल्या एका घोड्याचं डोकं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाकपुड्या फुगलेल्या, जबडा लोंबता. त्याच देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर बारा देव बसले आहेत आणि त्यांत अपोलोशेजारी आर्टेमिस आहे. एकाच इमारतीवर, एकाच दिशेला, चंद्र वेगळा आणि आर्टेमिस वेगळी. अथेन्सच्या कारागिरांचा तरी काही घोटाळा झालेला दिसत नाही.

शिकारीची देवी असून ती शिकाऱ्यांवरच का चिडते?

इथे पहिली अडचण येते. शिकारीची देवी म्हटलं की शिकाऱ्यांची पाठराखीण असं आपण धरून चालतो. होमर तिला ‘श्वापदांची स्वामिनी’ म्हणतो. स्वामिनी म्हणजे जनावरं तिची. ती मारायची तर तिची परवानगी हवी आणि तिचा वाटा बाजूला काढायला हवा.

झेनोफन हा अथेन्सचा सैनिक आणि लेखक स्वतः पट्टीचा शिकारी होता. सशांच्या शिकारीबद्दल तो लिहितो की अगदी कोवळी पिल्लं शिकारी लोक देवीसाठी सोडून देतात. एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ या नाटकात (इ.स.पू. ४५८) याच भावनेचं भयंकर रूप दिसतं. दोन गरुड गाभण सशीण पोटातल्या पिल्लांसकट फाडून खातात आणि ते बघून आर्टेमिस संतापते. सेनापती अगामेम्नॉनचं आरमार ट्रॉयला निघायच्या तयारीत बंदरात अडकून पडतं, आणि वारा अनुकूल व्हायचा तर त्याला स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी द्यावा लागेल असं भविष्यवेत्ता सांगतो. दुसऱ्या कथांमध्ये कारण साधं आहे. अगामेम्नॉननं देवीच्या राईत हरीण मारलं आणि वर बढाई मारली की असा नेम आर्टेमिसलाही जमला नसता. कथा कुठलीही घ्या, गुन्हा एकाच जातीचा आहे. मर्यादा सोडून मारणं.

पुढे काय होतं तेही कवी एकसारखं सांगत नाहीत. एस्किलसकडे मुलीचा गळा चिरला जातो असंच सुचवलेलं आहे. नंतरचा नाटककार युरिपिडीज याच्याकडे ऐन वेळी देवी तिला उचलून नेते आणि वेदीवर हरणी ठेवते.

हाच झेनोफन पुढे पेलोपोनीजमध्ये स्किलस इथं राहिला. लढाईच्या लुटीतला देवीचा दशांश त्यानं इफिससच्या देवळाच्या कारभाऱ्याकडे ठेवायला दिला होता. तो पैसा परत मिळाल्यावर त्यानं देवीच्या नावे जमीन घेतली, छोटं देऊळ बांधलं आणि दरवर्षी जत्रा भरवू लागला. आसपासच्या गावांना जेवण आणि पोरांची मोठी शिकार. देवळाशेजारी त्यानं दगड रोवला: ही जमीन आर्टेमिसची आहे, जो तिचं उत्पन्न खाईल त्यानं दरवर्षी दशांश द्यावा आणि उरलेल्यातून देवळाची डागडुजी करावी, न केल्यास देवी बघून घेईल. शेवटचं वाक्य वाचलं की ही देवी लोकांच्या मनात कशी होती ते कळतं.

नवसाचीही गोष्ट सांगायला हवी. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला पर्शियन सैन्य उतरलं तेव्हा अथेन्सवाल्यांनी रानातल्या आर्टेमिसला नवस केला: जितके शत्रू मारू तितक्या शेळ्या वाहू. इतिहासकार हेरोडोटस मेलेल्या पर्शियनांचा आकडा ६४०० देतो. एवढ्या शेळ्या आणायच्या कुठून? मग ठराव झाला की दरवर्षी ५०० वाहायच्या. तेरा वर्षांत हिशेब फिटायला हवा होता. पण झेनोफन नव्वद वर्षांनंतरच्या एका भाषणात सांगतो की शेळ्या अजून चालूच आहेत. देवाचं देणं फिटलं असं जाहीर करायची हिंमत कुणाला होणार?

तिची देवळं वेशीबाहेर का?

अपोलो, अथेना यांची मोठी देवळं गावाच्या मध्यावर किंवा गडावर असतात. आर्टेमिसची जुनी ठिकाणं शोधत गेलात तर पाय ओले होतील. नदीचं मुख, दलदल, समुद्रकाठ, डोंगराची खिंड, दोन राज्यांची शीव. लॅकोनिया म्हणजे स्पार्टाचा मुलूख आणि शेजारचा मेसेनिया यांच्या हद्दीवर ‘पाणथळीतली आर्टेमिस’ होती आणि दोन्हीकडचे लोक तिथे जात. पॉसेनिअस हा प्रवासी सांगतो की तिथेच स्पार्टाच्या मुलींवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला आणि त्यातून दोन राज्यांचं युद्ध पेटलं. मेसेनियावाले अर्थातच वेगळी हकिकत सांगत.

ग्रीक देवांना स्थळागणिक आणि कामागणिक जोडनावं असत. अशा जोडनावाला आपण बिरुद म्हणू. आर्टेमिसची बिरुदं डझनावारी आहेत: रानातली, पाणथळीतली, मशाल धरणारी, प्रसूती करवणारी, पोरांना वाढवणारी. वरवर पाहता त्यांचा मेळ बसत नाही. पण शीव हा धागा धरला की मण्यांत मणी ओवला जातो. गाव संपून रान सुरू होतं तिथे ती आहे. शांतता संपून लढाई सुरू होते तिथे ती आहे; स्पार्टाचं सैन्य शत्रू समोर दिसला की हल्ल्याच्या क्षणी तिला शेळी कापायचं. बालपण संपून बाईपण सुरू होतं तिथे ती आहे. आणि जीव पोटातून बाहेर येतो त्या घटकेलाही तीच आहे. माझ्या मते आर्टेमिसला एकाच खात्याची देवी करायचीच असेल तर ते खातं उंबरठ्याचं आहे. शिकार हा त्या उंबरठ्यावरचा सगळ्यांत दिसणारा व्यवहार, एवढंच.

ब्राउरोनच्या अस्वली

हे नीट समजून घ्यायचं तर अथेन्सच्या पूर्वेला समुद्रकाठी ब्राउरोनला जायला हवं. एरासिनोस नावाची छोटी नदी, झरा, दलदल आणि शेजारी आर्टेमिसचं देऊळ. पुढे पुरानं आणि गाळानं ते सगळं गाडलं गेलं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ योआनिस पापादिमित्रिउ यांनी १९४८ पासून ते उकरून काढलं.

इथे अथेन्सच्या लहान मुली ‘अस्वल’ होत. खेळातलं अस्वल नव्हे, विधीतलं. वय साधारण पाच ते दहा असं जुने टीकाकार सांगतात. लग्नाआधी ही सेवा व्हायला हवी असा समज होता. त्यामागची कथा अशी: देवळाच्या परिसरात माणसाळलेलं अस्वल होतं. एका मुलीनं त्याला फार छेडलं, त्यानं तिला बोचकारलं, आणि तिच्या भावांनी अस्वल मारलं. अथेन्सवर रोगराई आली. उपाय विचारला तेव्हा देववाणी झाली की अस्वलाच्या बदल्यात तुमच्या मुलींनी अस्वल व्हावं.

ॲरिस्टोफनीजच्या इ.स.पू. ४११ मधल्या ‘लायसिस्ट्राटा’ या नाटकात बायकांचा घोळका आपण शहरासाठी काय काय केलं ते मिरवतो. त्या यादीत केशरी वस्त्र आणि ब्राउरोनचं अस्वल होणं आहे. उत्खननात छोटी मडकी सापडली आहेत. त्यांवर मुली धावताना, नाचताना रंगवल्या आहेत. काही वस्त्रांत, काही उघड्या. मुलांचे हसरे संगमरवरी पुतळे आहेत, मुलगेही आणि मुलीही. झऱ्याच्या तळाशी बायकांनी टाकलेले आरसे आणि अंगठ्या होत्या.

विधीत नेमकं काय होई याचं सलग वर्णन कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण रचना उघड आहे. मुलीला ग्रीक लोक रानटी पिल्लू समजत. लग्न म्हणजे तिला माणसाळवणं. त्याआधी काही काळ तिनं देवीच्या देखरेखीखाली ते रानटीपण उघड जगून घ्यायचं. आज हे वाचताना कपाळाला आठी पडते आणि पडावी. मुलीला जनावर मानून माणसाळवायची भाषा बोलणारा तो समाज होता. तरीही त्याच समाजात पोरींना पळायला, आरडाओरडा करायला मिळणारी ही एक जागा होती.

लग्न ठरलं की निरोपाचा विधी. तिमारेता नावाच्या मुलीच्या नावानं एक छोटी ग्रीक कविता आहे: लग्नाआधी ती आपली डफली, आवडता चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडे पाणथळीतल्या आर्टेमिसला वाहते आणि म्हणते, माझ्यावर हात ठेव.

पण ती तर कुमारिका! बाळंतपणाशी तिचा काय संबंध?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कॅलिमाकस या कवीनं इ.स.पू. तिसऱ्या शतकात रचलेल्या स्तोत्रात लहानगी आर्टेमिस झ्यूसच्या मांडीवर बसून मागण्यांची यादी वाचते: बाबा, मला कायमचं कौमार्य दे, अपोलोपेक्षा कमी नकोत इतकी नावं दे, धनुष्यबाण दे, सोबतीला नऊ वर्षांच्या साठ मुली दे, सगळे डोंगर दे. शहर एखादं चालेल, कारण तिथे मी क्वचितच जाईन. पण कळा सोसणाऱ्या बायकांनी हाक मारली तर जाईन. माझ्या आईला माझ्या वेळी त्रास झाला नाही म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे. दुसऱ्या एका कथेत ती आधी जन्मते आणि लगेच आईजवळ उभी राहून अपोलोची सुईण होते.

याच्या उलट बाजूला होमर आहे. ‘इलियड’मध्ये हेरा आर्टेमिसला चिडून म्हणते की झ्यूसनं तुला बायकांसाठी सिंहीण केलं आहे, हवी तिला मारायची मुभा दिली आहे. ‘ओडिसी’मध्ये पाताळात आई भेटते तेव्हा ओडिसिअस विचारतो: कशानं गेलीस तू, दीर्घ आजारानं की आर्टेमिसच्या हळुवार बाणांनी? बाईचा अचानक झालेला मृत्यू हिच्या खात्यात पडायचा. त्या काळी असे कितीतरी मृत्यू बाळंतपणातले.

मराठी वाचकाला इथे सटवाई आठवली तर कोडं अर्धं सुटतं. बाळाची पाचवी पुजतात, कपाळावर लेख लिहायला ती येणार म्हणून दिवा जागता ठेवतात. तिची भीतीही आणि तिच्यावरच भिस्त. जिच्या हाती जीव नेणं आहे तिलाच राखायला सांगायचं. दोन देवींचं काही नातं आहे असं म्हणायचं नाही. माणसं बाळंतपणाच्या भीतीला कसं तोंड देतात एवढंच त्यातून दिसतं. युरिपिडीजच्या ‘हिपोलिटस’ नाटकातल्या (इ.स.पू. ४२८) बायका सांगतात की हे वारं माझ्याही पोटातून गेलं आहे, तेव्हा मी बाणांच्या स्वामिनीला, आर्टेमिसला, हाक मारली होती. वेदना थांबवायला त्या बाणवालीलाच बोलावतात.

आणि हाक ऐकू गेली नाही तर? युरिपिडीजच्याच दुसऱ्या नाटकात सांगितलं आहे की बाळंतपणात मेलेल्या बायकांची तलम वस्त्रं ब्राउरोनला इफिजेनियाच्या नावे ठेवली जातील. देवीला वाहिलेल्या कपड्यांच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या याद्या अथेन्सच्या गडावर दगडात कोरलेल्या सापडल्या आहेत. कुणी दिलं, कुठला कपडा, काठ कसा. काहींपुढे नुसतं ‘चिंधी’ असं लिहिलं आहे.

कौमार्याबद्दल एक खुलासा. ‘हिपोलिटस’चा नायक राजपुत्र फक्त आर्टेमिसला भजतो, बाईच्या सावलीलाही उभा राहत नाही. म्हणजे देवीचा आदर्श भक्त, असं वाटेल. नाटकात त्याचा अंत होतो आणि देवी निघून जाते, कारण मृत्यू पाहणं तिला वर्ज्य आहे. जाताना ती एवढंच देते की ट्रॉयझेनच्या नवऱ्या लग्नाआधी तुझ्यासाठी केस कापतील. जो उंबरठा ओलांडायलाच तयार नव्हता त्याच्या नावानं दुसऱ्या मुली उंबरठा ओलांडणार. तिच्या मुलींनी तिच्यासारखं राहावं अशी देवीची अपेक्षा नाही. तिच्यापासून पुढे निघून जायचं असतं.

इतकी क्रूर का?

ॲक्टिऑनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: शिकारीला गेलेला तरुण न्हाणाऱ्या देवीला चुकून बघतो, ती त्याला हरीण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः कॅलिमाकस आणि नंतरचा रोमन कवी ओव्हिड यांच्याकडून. त्याआधी युरिपिडीज वेगळं कारण देतो: मी आर्टेमिसपेक्षा मोठा शिकारी, असं ॲक्टिऑन म्हणाला. म्हणजे परत बढाईच. नग्नतेचा भाग पुढच्या चित्रकारांना फार आवडला, हे सांगायला नकोच.

स्पार्टाला आर्टेमिस ऑर्थियाच्या वेदीवरून मुलगे चीज चोरत आणि राखणारे त्यांना चाबकानं मारत. झेनोफनच्या काळी हा धीटपणाचा खेळ होता. रोमन काळात नुसते फटके उरले, ते सोसताना मुलगे मेल्याचं प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो. पुढे तर पाहुण्यांना बसायला देवळापुढे दगडी प्रेक्षागृह बांधलं गेलं. ज्याला आपण ‘प्राचीन क्रूर परंपरा’ म्हणतो तिच्यातला सगळ्यांत रक्ताळलेला भाग कधीकधी पर्यटकांसाठी वाढवलेला असतो.

इफिससची आर्टेमिस हीच का?

नाव हेच, रूप निराळं. आजच्या तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ इफिसस आहे. तिथली देवी ताठ उभी, अंगाला चिकटलेल्या झग्यावर रांगांनी प्राणी, आणि छातीवर गोळ्यांच्या ओळी. हे गोळे स्तन म्हणावेत, बळी दिलेल्या बैलांचे वृषण की आणखी काही, यावर विद्वान अजून भांडतात. लिडियाचा राजा क्रीसस यानं तिच्या देवळाला खांब दिले. इ.स.पू. ३५६ मध्ये हेरोस्ट्राटस नावाच्या माणसानं निव्वळ नाव व्हावं म्हणून ते पेटवलं. त्याच रात्री अलेक्झांडर जन्मला असं पुढे सांगू लागले, आणि कुणीतरी जोडून दिलं की देवी त्या बाळंतपणात अडकली होती म्हणून घर जळालं. पुन्हा बांधलेल्या देवळाला १२७ खांब होते असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. जगातल्या सात आश्चर्यांत गणलेलं ते हेच. बायबलमध्ये याच शहरात चांदीचे देव्हारे विकणारे कारागीर ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलच्या प्रवचनांनी धंदा बुडेल म्हणून दंगा करतात आणि ‘इफिससकरांची आर्टेमिस थोर’ असा घोष दोन तास चालतो.

मग चंद्र आला कुठून?

एका दिवसात आला नाही. काही वाटा आधीपासून होत्या. आर्टेमिसच्या हातात मशाली असत. जुन्या मडक्यांवर त्या दिसतात. रात्री रानात फिरणारी, उजेड धरणारी देवी चंद्राच्या जवळ सरकणं अवघड नव्हतं. अथेन्सच्या बंदराजवळ म्युनिखिया इथं तिच्या सणाला गोल पोळ्या नेत आणि भोवती छोटे दिवे लावत. अथेन्सचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होई आणि हा सण सोळाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास येई. सॅलमिसच्या समुद्रात पर्शियनांवर मिळवलेल्या विजयावेळी देवी पूर्णचंद्र होऊन तळपली, अशी कथा प्लुटार्क देतो. मात्र महिन्यातला तिचा नेहमीचा पवित्र दिवस षष्ठी होता. चंद्र हेच तिचं मुख्य रूप असतं तर हा दिवस निवडला गेला नसता.

खरी ढकल भावाकडून मिळाली. इ.स.पू. पाचव्या शतकात काही विचारवंत अपोलो म्हणजेच सूर्य असं म्हणू लागले. युरिपिडीजच्या एका हरवलेल्या नाटकाच्या तुकड्यात ते स्पष्ट येतं. भाऊ सूर्य ठरला की जुळी बहीण आपोआप चंद्र ठरते. पुढे स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी देव म्हणजे निसर्गशक्तींची नावं असं मांडलं आणि ही जुळणी पक्की झाली. रोमनांनी आर्टेमिसला आपल्या डायानाशी आधीच एक मानलं होतं. इ.स.पू. ४५ च्या सुमारास रोमन लेखक सिसेरोच्या ग्रंथातला स्टोइक वक्ता डायाना आणि चंद्र एकच असं सांगतो. बाळंतपणाचीही सांगड घालतो: गर्भ चंद्राच्या नऊ फेऱ्यांत, क्वचित सात फेऱ्यांत पूर्ण होतो म्हणून. कवी कॅटलस एकाच स्तोत्रात तिला प्रसूतीची देवी, तिठ्यावरची देवी आणि परप्रकाशी चंद्र अशी तिन्ही नावं देतो.

मग चंद्राची देवी म्हणणं चूक आहे का?

चूक म्हणायला मी तयार नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला प्लुटार्क स्वतः ग्रीक, डेल्फीला अपोलोचा पुजारी. चंद्रामुळे प्रसूती सुलभ होते, म्हणूनच प्रसूतीची आर्टेमिस ही चंद्राहून वेगळी नाही, असं तो सहज लिहितो. त्याच्या श्रद्धेला खोटी ठरवणारे आपण कोण? देवता हजार-दीड हजार वर्षं पुजली जाते तेव्हा तिच्यात भर पडणारच. चूक होते ती शेवटी पडलेली भर पहिल्या दिवसापासून होती असं समजण्यात. तसं केलं की ब्राउरोनच्या पोरी, झेनोफनचा दगड आणि चिंध्यांची यादी चौकटीबाहेर राहते.

संग्रहालयात किंवा चित्रांच्या पुस्तकात ही देवी दिसली तर एक खूण उपयोगी पडेल. धनुष्य, भाता, हरीण, मशाली आणि आखूड किंवा पायघोळ वस्त्र ही जुनी ग्रीक ओळख. कपाळावर चंद्रकोर दिसली तर काम बहुधा रोमन काळातलं किंवा त्याहून अलीकडचं समजावं. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी डियान द पॉइतिए हिनं नावाचा फायदा घेऊन चंद्रकोर आपलं चिन्ह केलं, आणि तिच्या काळातल्या फ्रेंच चित्र-शिल्पांत कोर असलेल्या डायाना जागोजागी उगवल्या. आजच्या पोस्टरांवरची आणि व्हिडिओ गेममधली आर्टेमिस बव्हंशी त्यांचीच पणती आहे.